मानसिक आरोग्यातली दरी आणि संशोधन : मराठवाड्यातून येणारे प्रश्न

आशाताईंच्या प्रशिक्षणात, बचत गटाच्या बैठकीत, कॉलेजातल्या व्याख्यानानंतर चहा पिताना जे प्रश्न हमखास निघतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न रागाने विचारलेले असतात. ते तसेच ठेवले आहेत.

एक गोष्ट मात्र आधी. तुमच्या जवळचं कुणी आत्ता जीव देण्याची भाषा करत असेल, तर हे पान नंतर वाचा. त्या माणसाला एकटं सोडू नका, घरातली औषधं-फवारणीचं साहित्य हाताशी राहू देऊ नका आणि १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं.

मानसिक आरोग्यातली विषमता म्हणजे नेमकं काय? आजार तर सगळ्यांनाच होतात.

होतात, आणि गरिबांनाच होतात असंही नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात दर शंभर प्रौढांमागे दहा-अकरा जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. महानगरांतलं प्रमाण तर खेड्यांपेक्षा जास्त निघालं. पण त्याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा खरा बोचतो : वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नव्हते.

समजा, सारख्याच तीव्रतेचं नैराश्य आलेल्या दोन बायका आहेत. एक छत्रपती संभाजीनगरात गारखेड्याला राहते, तिची मुलगी तिला रिक्षाने दवाखान्यात नेते. दुसरी वडवणी तालुक्यातल्या तांड्यावर. तिची झोप गेलीय, भूक गेलीय, हातपाय गळाल्यासारखे वाटतात. ती जवळच्या डॉक्टरकडे जाते, सलाईन लावून घेते, ताकदीच्या गोळ्या घेऊन परत येते. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. आजार एक असूनही पुढचं आयुष्य दोन तऱ्हेचं होतं. ही दरी कुठे पडते, कुणासाठी जास्त रुंद आहे आणि कशाने बुजते, हे शोधणं म्हणजे या विषयातलं संशोधन.

मराठवाड्यात किती लोकांना मानसिक आजार आहेत?

वर सांगितलेल्या सर्वेक्षणात बारा राज्यं होती आणि महाराष्ट्र त्यांत नव्हता. त्यामुळे भाषणांत ‘आपल्या जिल्ह्यात इतके लाख रुग्ण’ असा आकडा कानावर आला, तर तो बहुधा देशाच्या टक्केवारीला जिल्ह्याच्या लोकसंख्येने गुणून काढलेला असतो. अंदाज म्हणून ठीक, पण त्यावरून कुठल्या तालुक्यात समुपदेशक बसवायचा हे ठरत नाही.

आत्महत्यांचे आकडे तर दरवर्षी पेपरात येतात. मग माहिती नाही कसं म्हणता?

येतात, आणि ते भयंकर आहेत. विभागीय आयुक्त कार्यालयाच्या नोंदीप्रमाणे मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत २०२२ मध्ये १,०२३ आणि २०२३ मध्ये १,०८८ शेतकरी आत्महत्या झाल्या. सर्वांत जास्त बीडमध्ये. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात शेतीशी संबंधित ११,२९० जणांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यातले ४,२४८ एकट्या महाराष्ट्रातले.

पण हे आकडे तयार कसे होतात ते बघा. महसूल खात्याची नोंद मदतीसाठी असते. प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे जिल्ह्याची समिती ठरवते. जमीन नावावर आहे का, कर्ज बँकेचं आहे का, वसुलीचा तगादा होता का, हे तपासलं जातं. पात्र ठरलं तर एक लाख रुपये. सावकाराचं तोंडी कर्ज, बटईची जमीन, बापाच्या नावावरचा सातबारा अशी गुंतागुंत असली की कागद अडतो. पोलिसांची नोंद वेगळ्या कारणासाठी आणि वेगळ्या रकान्यांत होते. म्हणून दोन्ही आकडे कधी जुळत नाहीत, आणि जुळावेत अशी अपेक्षाही चूक आहे.

आणि बाई कुठे मोजली जाते? दिवसभर कापूस वेचणारी, सोयाबीन काढणारी, जनावरांचं करणारी बाई गेली, तर सातबारा तिच्या नावावर नसल्याने ती ‘शेतकरी’ ठरत नाही. तिची नोंद ‘गृहिणी’ या रकान्यात जाते. २०२२ मध्ये देशात त्या रकान्यात २५,३०९ मृत्यू होते, म्हणजे शेतीच्या एकूण आकड्याच्या दुपटीहून जास्त. त्यावर विधानसभेत किती चर्चा ऐकली? बायकांचं दुःख मोजण्याची आपली पद्धतच आंधळी आहे, असं माझं मत आहे, आणि या विभागात काम करणाऱ्या संशोधकाने पहिला हात तिथे घालावा.

कर्ज, दुष्काळ आणि पडलेले भाव हे कारण असताना मानसिक आरोग्य मध्ये कशाला आणता? सरकारला सुटायला वाट करून देता का?

हा सर्वांत रास्त प्रश्न आहे आणि तो बहुतेक वेळा शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्याकडून येतो. गोळी घेऊन कर्ज फिटत नाही. ‘शेतकरी मनाने कमकुवत झालाय, त्याला योगासनं शिकवा’ असं कुणी म्हणत असेल तर ते संशोधन नव्हे, चेष्टा आहे.

गंमत म्हणजे या क्षेत्रातलं चांगलं संशोधन तुमच्याच बाजूने बोलतं. टॅमा कार्ल्टन या संशोधिकेने भारताच्या तीसहून अधिक वर्षांच्या नोंदी तपासून २०१७ मध्ये दाखवून दिलं, की पीक वाढीच्या हंगामात तापमान वाढलं की आत्महत्या वाढतात. पीक नसलेल्या दिवसांत तेवढंच ऊन असलं तरी तसं होत नाही. म्हणजे उन्हाने डोकं फिरत नाही, पीक जातं म्हणून माणूस खचतो. ज्या वर्षी पाऊस बरा, त्या वर्षी आत्महत्या कमी, हेही त्यात दिसतं. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना थेट पैसे देण्याची योजना टप्प्याटप्प्याने लागू झाली. जिथे ती पोचली तिथे आत्महत्यांचं प्रमाण साधारण १८ टक्क्यांनी घटलं. पैशाचा प्रश्न हा मनाच्या आरोग्याचाही प्रश्न आहे, याला एवढा पुरावा पुरे.

श्रीलंकेने आणखी वेगळी वाट धरली. सर्वांत घातक कीटकनाशकांवर त्यांनी १९९५ पासून एकामागून एक बंदी आणली. पुढच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं. तिथल्याच गावांत कीटकनाशकं कुलूपबंद पेटीत ठेवण्याचा मोठा प्रयोगही झाला. कल्पना ऐकायला अगदी पटणारी, पण २०१७ मध्ये निकाल आला तेव्हा त्याचा काही उपयोग झालेला दिसला नाही. पेट्यावाटपाचा कार्यक्रम फोटोसाठी छान असतो, एवढंच. संशोधन नसतं तर आपण आजही पेट्याच वाटत बसलो असतो.

मग मानसोपचाराचं काम काय? दुबार पेरणी गावातल्या सगळ्यांनाच करावी लागते, सगळे जीव देत नाहीत. कुणाला आधीपासून नैराश्य असतं, कुणाची दारू वाढलेली असते, कुणाशी घरात बोलणारं कुणी उरलेलं नसतं. अशांना वेळेत गाठणं हे भाव आणि विमा मागण्याच्या आड येत नाही. दोन्ही मागा.

डॉक्टरच नाहीत तर संशोधन करून काय उपयोग?

देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा नाही, आणि जे आहेत ते शहरात. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही आलं नाही. जालन्याच्या मनोरुग्णालयाला मंजुरी मिळालेली आहे. आपल्याकडचा आधार म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, लातूर-नांदेडची शासकीय महाविद्यालयं आणि जिल्हा रुग्णालयांतला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम.

म्हणूनच गेल्या वीस वर्षांतलं सर्वांत कामाचं संशोधन ‘डॉक्टर नसताना काय करता येईल’ याच प्रश्नावर झालं. गोव्यात संगाथ संस्थेने विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या पुढाकाराने एक चाचणी घेतली. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना काही आठवडे शिकवलं आणि तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांशी सहा ते आठ भेटींत ठरावीक पद्धतीने बोलायला लावलं. पद्धत साधीच : मन लागत नाही म्हणून माणूस कामं सोडतो, कामं सोडली की मन आणखी खचतं, तर एकेक छोटं काम परत हातात घ्यायचं. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं.

झिम्बाब्वेमध्ये डॉ. डिक्सन चिबांडा यांनी तेच काम आज्यांवर सोपवलं. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक, त्यावर प्रशिक्षण घेतलेली आजी, शेजारी रुग्ण. २०१६ मध्ये त्याचा निकाल प्रसिद्ध झाला, तोही चांगला. पुढे त्या धर्तीची बाकं न्यूयॉर्कमध्येही लागली. ज्ञान नेहमी तिकडूनच इकडे येतं असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

हे सगळं गोव्यात आणि आफ्रिकेत. आपल्या मातीत काही झालंय का?

शेजारच्या विदर्भात झालंय. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबवला गेला. गावातलेच कार्यकर्ते घरोघर बोलत, कोपरा सभा घेत, समुपदेशक आठवड्याच्या दिवशी येत आणि गंभीर रुग्ण डॉक्टरकडे जात. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरांतले जेमतेम चार जण कुठे तरी मदत घेत होते. दीडेक वर्षाने ते प्रमाण २७ वर गेलं. नाशिक जिल्ह्यात ‘आत्मीयता’ हा उपक्रम गावातल्या स्वयंसेवकांच्या बळावर सुरू झाला आणि नंतर गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर तपासला गेला. स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा तीव्र मानसिक आजार) असलेल्यांना घरी जाऊन आधार देण्याच्या एका अभ्यासाचं एक केंद्र सातारा होतं. तिथला फायदा मात्र बेताचाच निघाला. अशा आजारात नुसत्या गप्पांनी भागत नाही, औषध लागतंच.

मराठवाड्यात २०१५ पासून ‘प्रेरणा’ हा शासनाचा शेतकरी समुपदेशन कार्यक्रम आला. आपले आठही जिल्हे आणि विदर्भातले सहा त्यात होते. आशाताईंनी घरोघर प्रश्नावली भरायची, जोखमीची माणसं ओळखायची, पुढे समुपदेशकाकडे पाठवायचं, अशी त्याची रचना. कल्पनेला नाव ठेवायला जागा नाही. पण आशाताईकडे आधीच लसीकरण, गरोदर माता, क्षयरोग, मोबाईलवरच्या नोंदी आहेत. हजार लोकांमागे एक बाई आणि कामावर आधारित मोबदला. तिच्या हातात आणखी एक फॉर्म दिला तर तो भरला जाईल. पण विचारल्यावर समोरचा रडायला लागला तर ती तिथे किती वेळ बसू शकते? गोव्याच्या प्रयोगात कार्यकर्त्यांना नियमित मार्गदर्शन मिळत होतं. आपण प्रयोगातला फॉर्म उचलतो आणि मार्गदर्शन तिथेच सोडून येतो. मराठवाड्यात संशोधनासाठी सर्वांत निकडीचा विषय हाच आहे असं मला वाटतं : नवीन उपचार शोधण्यापेक्षा, सिद्ध झालेला उपचार सरकारी यंत्रणेत पाच वर्षं टिकतो कशाने?

ऊसतोड कामगारांवर अभ्यास का होत नाही?

होतात, पण मजुरीवर, उचलीवर (मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ रकमेवर), बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर. बीडमधल्या त्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला राज्य सरकारने २०१९ मध्ये समिती नेमली होती. मनाच्या अंगाने मात्र फार थोडं.

अडचण सरळ आहे. आरोग्याची सगळी यंत्रणा पत्त्यावर चालते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला कोयता, म्हणजे ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडी, गाव सोडतो तो उन्हाळा लागल्यावर परततो. मधले पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात, फडाशेजारच्या पालात. बीड, जालना, धाराशिव, परभणीच्या कितीतरी गावांत त्या दिवसांत म्हातारी माणसं आणि कुलपं उरतात. डिसेंबरात सर्वेक्षण केलं की जे घरी सापडतील त्यांचाच आकडा येतो. दिवाळीनंतर गोळ्या चालू असलेला माणूस फडावर गेला तर तिथल्या उपकेंद्राच्या यादीत तो नसतो, आणि इथल्या केंद्राने दिलेल्या गोळ्या महिन्यात संपतात. अपस्माराच्या (फिट येण्याच्या) आणि स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाची गोळी तुटणं म्हणजे काय, हे घरच्यांना विचारा.

मुकादमाची उचल अंगावर असताना आजारपणाची सुट्टी म्हणजे कर्जात भर. जोडीतलं एक आजारी पडलं की दुसऱ्याची मजुरीही बुडते. मागे आजीजवळ ठेवलेल्या मुलांचं काय होतं, हा आणखी वेगळा अभ्यास. या सगळ्याला उत्तर म्हणून कार्ड, नोंदणी, फिरतं पथक असं बरंच सुचवता येईल. यातलं नेमकं काय चालतं ते दोन-तीन हंगाम फडावरच तपासून बघावं लागेल. कार्यालयात बसून ठरणार नाही.

देवऋषाकडे, सैलानीच्या दर्ग्याला जाणाऱ्यांना संशोधक अडाणी समजतात का?

समजत असतील तर ते चांगले संशोधक नव्हेत. मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबं बुलढाण्याच्या सैलानीला जातात. तिथे कुणी ‘तुम्ही कधी आलात, आधी नंबर लावला का’ असं विचारत नाही, वेड्याचं घर म्हणून बोट दाखवत नाही, राहायला जागा मिळते. दवाखान्याने हे द्यायला शिकलं पाहिजे. पण साखळीने बांधणं, मारहाण, औषध बंद करायला लावणं याला माफी नाही. तमिळनाडूत एर्वाडीच्या दर्ग्याजवळच्या मनोरुग्ण आश्रमात ऑगस्ट २००१ मध्ये आग लागली तेव्हा बांधून ठेवलेले रुग्ण पळू शकले नाहीत. पंचवीसहून अधिक जण जळून गेले. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. गुजरातमध्ये उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुआ’ असा प्रयोग चालतो : मुजावरांनीच रुग्णाला आवारातल्या डॉक्टरकडे पाठवायचं. दोन्ही घ्या, एकासाठी दुसरं सोडू नका.

किल्लारीच्या भूकंपातून आपण काही शिकलो का?

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट लातूर-धाराशिवकडच्या माणसाला सांगावी लागत नाही. त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञ गावांत आले, अभ्यास झाले आणि वाचलेल्यांमध्ये मानसिक आजारांचं प्रमाण मोठं असल्याचं दिसलं. आपत्तीनंतर पत्रे, धान्य आणि भांडी यांच्याबरोबर मनाकडेही बघावं लागतं, ही जाणीव या देशात रुजायला भोपाळ आणि किल्लारी दोन्ही कारणीभूत आहेत. मात्र अतिवृष्टी किंवा गोदावरीचा पूर आला की आजही पंचनामा जमिनीचा, पिकाचा आणि जनावरांचा होतो.

इंग्रजीतून आणलेली प्रश्नावली आपल्याला लागू पडते का?

नऊ प्रश्नांची नैराश्याची प्रश्नावली जगभर वापरतात आणि ती मराठीतही आहे. ती वाईट नाही. पण ती अंगणात, सासू शेजारी बसलेली असताना वाचून दाखवली तर सून काय उत्तर देणार? बऱ्याच अभ्यासांत चूक प्रश्नात नसते, प्रश्न विचारण्याच्या जागेत असते. बोली माहीत असलेली, शक्यतो त्याच भागातली मुलाखतकार बाई, बसायला आडोसा आणि घाई नसलेली वेळ, एवढं सांभाळलं तरी उत्तरं बदलतात.

आमच्या गावात फॉर्म भरून गेले, परत कुणी आलं नाही. पुढच्या वेळी काय विचारायचं?

चार गोष्टी विचारा. नैतिक समितीची परवानगी आहे का, आणि तिचा कागद दाखवा. माझी माहिती कुणाकुणाला दिसेल. माझ्यात आजार आढळला तर तुम्ही मला कुठे पाठवणार, की नुसतं लिहून नेणार. आणि निष्कर्ष ग्रामसभेत येऊन कधी सांगणार. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं यातल्या बहुतेक गोष्टी संशोधकावर बंधनकारक समजतात. मध्येच ‘आता नको’ म्हणण्याचा तुमचा हक्क आहे, आणि म्हणून तुमचे उपचार कुणी थांबवू शकत नाही. सरपंचाने हो म्हटलं म्हणजे गावाने हो म्हटलं, असं होत नाही.

उपचार मोफत असूनही लोक का जात नाहीत?

ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. पण केसपेपर फुकट झाला तरी दिवसाची मजुरी बुडतेच, सोबतच्या माणसाची वेगळी. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं हे एका परीने मानसिक आरोग्याचंही धोरण आहे, भले कुणाच्या मनात तसं नसेल. त्याचा ओपीडीवर काय परिणाम झाला, हे एखाद्या विद्यार्थ्याने नक्की तपासावं. नोंदवह्या रुग्णालयात पडून आहेत.

संशोधनात भाग घेतला तर पैसे मिळतात का?

बुडालेली मजुरी आणि येण्याजाण्याचा खर्च देता येतो, आणि तो द्यायलाच हवा. आधीच विचारून घ्या. माहितीसाठी मोठी रक्कम देऊ करणारा, किंवा सही करा म्हणजे घरकुलाचं काम होईल असं सांगणारा माणूस संशोधक नसतो. त्याला चहा पाजून परत पाठवा.